सही जुळत नाही

बँकेत मी छत्तीस वर्षं काढली, आणि त्यांतली निदान वीस दुसऱ्यांच्या सह्या बघण्यात गेली. समोर चेक, शेजारी नमुना सहीचं कार्ड आणि काउंटरपलीकडे पितळी टोकन बोटांत फिरवत उभं असलेलं गिऱ्हाईक. सही जुळली की पास. नाही जुळली की छापील मेमोवर 'ड्रॉअर्स सिग्नेचर डिफर्स' या ओळीपुढे खूण करायची आणि चेक परत. सही जुळत नाही म्हटल्यावर मराठी माणसाला आपल्या सात पिढ्यांचा उद्धार झाल्यासारखं वाटतं. एका निवृत्त हेडमास्तरांनी मला भर शाखेत विचारलं होतं, "मी मी आहे की नाही, हे आता तुम्ही ठरवणार?" मी म्हटलं, "हो. तेवढ्याचाच पगार मिळतो."

ही विद्या निवृत्तीनंतर कोणाच्या उपयोगी पडेल असं मला वाटलं नव्हतं. पडली. आणि पडली ती आमच्या साडूंच्या दिवाणखान्यात. तेव्हापासून साडू माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

त्याचं असं झालं. आमच्या साडूंचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. दुसऱ्या पलटणीत. जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं, तेव्हा जर्मन सेनापती रोमेलच्या हाती जे सुमारे तेहतीस हजार युद्धकैदी लागले, त्यांत साडूंचे वडील एक. पुढे इटलीतल्या छावणीत त्यांनी दिवस काढले, युद्ध संपल्यावर गावी परत आले, भातशेती केली, आणि रोमेलविषयी विचारलं तर "लांबून धूळ दिसली त्याची" एवढंच सांगत राहिले. वडिलांनी ज्याची फक्त धूळ पाहिली त्याची सही आपल्या घरात असावी, ही साडूंची जुनी इच्छा. मला ती विचित्र वाटली नाही. आपल्या बापाला पकडणारा माणूस लहानसहान नव्हता, हे भिंतीवर टांगून ठेवावंसं एखाद्या मुलाला वाटू शकतं.

परदेशातल्या एका लिलावगृहाचा कॅटलॉग साडूंच्या हाती लागला. त्यात रोमेलच्या सहीचा कागद होता. टंकलिखित हुकूम, पेट्रोलच्या पिंपांबद्दलचा, खाली शाईची सही. साडूंनी फोनवरून बोली लावली. हातोडा पडला सव्वादोन लाखांवर. वर लिलावगृहाची दलाली, वर टपाल, वर कस्टम. कागद आला. फ्रेम झाली. हॉलमधला हिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाचा फोटो आतल्या खोलीत गेला, तिथे रोमेल आले, आणि आम्हाला बटाटेवड्यांचं आमंत्रण.

मी वडा हातात घेऊन फ्रेमपुढे उभा राहिलो. साडू म्हणाले, "सही बघा, सही! काय जोर आहे!" मी सही बघितलीच नाही. वीस वर्षांची सवय, दुसरं काय? चेक हातात आला की नजर आधी तारखेवर जाते. तारीख होती १४ मे १९४२. मग सहीखालचा टंकलिखित हुद्दा वाचला. जर्मन मला येत नाही, पण 'फेल्डमार्शल' एवढं कळायला जर्मन यावं लागत नाही.

"तुमचे वडील पकडले गेले कधी?" मी विचारलं.

"एकवीस जूनला. तोब्रुक त्याच दिवशी पडलं."

"आणि रोमेल फील्ड मार्शल कधी झाला?"

साडू अभिमानाने म्हणाले, "दुसऱ्याच दिवशी! बावीस जूनला. तोब्रुक घेतल्याबद्दलच तर हिटलरने…" आणि वाक्य तिथेच राहिलं.

ज्या विजयाबद्दल रोमेलला हा हुद्दा मिळाला, त्या विजयाच्या पाच आठवडे आधी तो हुद्दा लावून पेट्रोलची पिंपं मागवत होता. साडूंचे वडील तेव्हा मोकळे होते! त्यांना पकडायच्या आधीच त्यांना पकडल्याची बढती रोमेलने घेऊन टाकली होती. हिने मला डोळ्यांनी खुणावलं, की वडा खा आणि गप्प बस. बायकोचं ऐकलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

आता मुद्द्यावर येतो. बनावट सही ओळखणं ही दिव्य दृष्टीच्या तज्ज्ञांची विद्या आहे, असा जो समज या लिलाववाल्यांनी पसरवून ठेवला आहे, तो मला मान्य नाही. साफ मान्य नाही. ही कारकुनाची विद्या आहे. तिला लागतो तो संशय, आणि ज्याच्या धंद्याचं पोट विश्वासावर भरतं त्याला तो परवडत नाही. लिलावगृहाला कागद खरा ठरला तर दलाली. विकणाऱ्याला खरा ठरला तर पैसे. तज्ज्ञाला खरा ठरवला तर पुढचं काम. घेणाऱ्याला तर तो खरा हवाच असतो. चौघांपैकी एकालाही 'सही जुळत नाही' म्हणण्यात फायदा नाही. आमच्या बँकेत मात्र चुकीचा चेक पास झाला तर पासिंग ऑफिसरच्या पगारातून वसुलीची भाषा व्हायची. पाचशे रुपयांचा चेक आम्ही उजेडात धरून बघत होतो तो काही इतिहासप्रेमाने नव्हे.

दुसरी गोष्ट. लोक सही बघतात, हीच मुळात चूक. बनावट करणारा वर्षानुवर्षं गिरवतो ती सहीच. तिथेच तो सगळ्यांत तयार असतो. चोर ज्या दाराला तेल घालून आला आहे, त्याच दारावर तुम्ही पहारा देणार? त्याच्या आजूबाजूला बघा. तारीख बघा, हुद्दा बघा, कागद बघा, घडी बघा. जुना कागद आधी घडी पडून मग सही झाली असेल, तर घडीवरून जाताना शाई त्या भेगेत पसरते. ज्याने १९४२ साली सही केली, त्याच्यापुढे कागद कोरा आणि सपाट होता. ज्याने काल केली, त्याच्यापुढे तो म्हातारा आणि घड्या पडलेला होता. जुन्या कागदाची खळ गेलेली असते, त्यावर आजची शाई फुटते, टिपकागदावर फुटावी तशी. आणि बॉलपेन? अमेरिकेच्या दुकानांत ते विक्रीला आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये, म्हणजे जपान शरण गेल्यानंतर. त्याआधी अर्जेंटिनात ते निघालं होतं, ब्रिटिश विमानदलाच्या हातीही काही लागली होती. पण १९४१ सालच्या रशियाच्या आघाडीवर जर्मन जनरलच्या हातात बॉलपेन दिसलं, तर आधी त्या जनरलकडे नव्हे, विकणाऱ्याकडे बघावं.

सहीकडे बघायचंच असेल, तर ती सुंदर आहे का हे बघू नये, ती घाईत आहे का हे बघावं. खरा माणूस सही करतो तेव्हा तो सही करत नसतो. तो पुढच्या कागदाचा, जेवणाचा किंवा शत्रूचा विचार करत असतो. त्याची रेघ धावते, शेवटी बारीक होत हवेत सुटते. नकली माणूस फक्त सहीचाच विचार करतो. त्याची रेघ चालते, थांबते, पेन उचलून पुन्हा टेकते, आणि शेवटी बोथट ठोंब्यासारखी संपते. आमच्याकडे एक ऐंशीच्या घरातल्या पेन्शनर आजी यायच्या. त्यांच्या हाताला कंप. पण तो कंप त्यांचा होता. रेघ थरथरत का होईना, पुढे जायची, तिला घरी जायचं असायचं. एकदा त्यांच्या पुतण्याने त्यांची सही करून चेक आणला. त्यातही कंप होता, पण तो भीतीचा. आणि खरी गंमत म्हणजे ती सही कार्डावरच्या सहीशी तंतोतंत जुळत होती! आजींची स्वतःची सही अकरा वर्षांत कधी तंतोतंत जुळली नव्हती. पुतण्याने काचेवर ठेवून गिरवली होती. अमेरिकेत १८६० च्या दशकात एका मृत्युपत्राच्या खटल्यात बेंजामिन पर्स या हार्वर्डच्या गणितज्ञाने सहीतल्या तीस खालच्या रेघा मोजून हेच कोर्टाला सांगितलं, की दोन सह्या इतक्या हुबेहूब असणं हाच संशयाचा पुरावा. आम्हाला ते गणित माहीत नव्हतं. आम्हाला पुतण्या माहीत होता.

"पण मोठे मोठे तज्ज्ञ असतात हो," साडू म्हणाले. असतात ना! १९८३ च्या एप्रिलमध्ये पश्चिम जर्मनीतल्या 'श्टेर्न' साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिशा सापडल्याचं जाहीर केलं. सुमारे साठ वह्या. मोजले होते नव्वद लाखांहून जास्त मार्क. ह्यू ट्रेव्हर-रोपर हे इंग्लंडचे नामांकित इतिहासकार त्या बघायला झुरिचला गेले. वह्या ठेवल्या होत्या कुठे? बँकेच्या तिजोरीत! आमच्याच क्षेत्राची अब्रू वापरली की हो. एवढा मोठा ढीग कोण खोटा करत बसेल, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी मान डोलावली. नंतर त्यांना शंका आली, पण बातमी तोवर छापखान्यात गेली होती.

हस्ताक्षरतज्ज्ञांनीही अक्षर हिटलरचंच म्हणून सांगितलं होतं. त्यांनी ते ताडून बघितलं कशाशी? इथे सगळ्या बँक कर्मचाऱ्यांनी दोन मिनिटं खुर्चीवरून उठून उभं राहावं. त्यांना दिलेल्या नमुन्यांतले कागदही त्याच बनावटखोराने, कॉनराड कुयाऊने, केलेले होते! म्हणजे चोराने चेक आणला, नमुना सहीचं कार्डही खिशातून त्यानेच काढलं, आणि आपण दोन्ही शेजारी ठेवून म्हणालो, वा, जुळतंय! आमच्या शाखेत शिकाऊ पोराने हे केलं असतं तर त्याला जन्मभर टोकनं पुसायला बसवलं असतं.

या कुयाऊने वह्यांवर चहा शिंपडला होता, जुन्या दिसाव्यात म्हणून, आणि टेबलावर आपटल्या होत्या. वहीवर चिकटवलेली आद्याक्षरं 'ए. एच.' हवीत, ती होती 'एफ. एच.' जुन्या वळणाचा एफ त्याला ए वाटला. अडॉल्फचा फडॉल्फ झाला आणि नव्वद लाख मार्कांच्या माणसांपैकी कोणी चष्मा पुसला नाही! शेवटी ६ मे रोजी जर्मन सरकारच्या अभिलेखागाराने निकाल दिला, की कागद युद्धानंतरचा आहे. मजकूरसुद्धा हिटलरच्या भाषणांच्या एका छापील संकलनातून, त्यातल्या चुकांसकट उतरवलेला. १९८५ मध्ये कुयाऊला साडेचार वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्याने 'अस्सल कुयाऊ नकला' म्हणून स्वतःच्या सहीने चित्रं विकायला काढली, आणि ती खपली! २००० साली तो वारला, आणि पुढे त्याच्याच नात्यातली एक बाई त्याची खोटी सही करून चित्रं विकल्याबद्दल २०१० मध्ये दोषी ठरली. नकलेची नकल. यापुढे बोलायचं काय?

हा धंदा आजचा नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रॉबर्ट स्प्रिंग नावाचा गृहस्थ जॉर्ज वॉशिंग्टनच्या सहीचे युद्धकाळातले परवाने बनवत असे, सैन्याच्या चौक्या ओलांडून जायचे. कागद जुना दिसावा म्हणून तो कॉफी वापरायचा. तिकडे यादवी युद्ध झाल्यावर त्याने जनरल स्टोनवॉल जॅक्सनची पत्रं तयार केली, आणि जनरलची गरजू मुलगी असल्याचं सोंग घेऊन ती इंग्लंडमधल्या हळव्या लोकांना विकली. एकाचा चहा, एकाची कॉफी. इतिहासाच्या या शाखेला विद्यापीठापेक्षा उडप्याच्या हॉटेलाचीच गरज जास्त दिसते.

इथवर मीही हसत होतो. पण लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराची हकिकत वाचली आणि हसू ओसरलं. २००५ साली तिथल्या दुसऱ्या महायुद्धाच्या फायलींत बनावट कागद सापडले. बारा फायलींत एकोणतीस. हिमलरला ब्रिटिशांनीच मारवलं, अशा अर्थाचे. एका लेखकाच्या तीन पुस्तकांना त्या कागदांचा आधार होता. काहींचा छापील मथळा लेसर प्रिंटरवर काढलेला! १९४५ साली! आणि चर्चिलचे माहितीमंत्री ब्रेंडन ब्रॅकन यांच्या सहीखाली भिंग धरलं, तर शिसपेनीची रेघ. आधी पेन्सिलने काढून मग शाईने गिरवलेली सही. दुसरीतलं पोर शुद्धलेखन गिरवतं तशी.

लिलाववाले ऊठसूट सांगतात, कागद कुठून आला ते महत्त्वाचं. 'एका माजी सैनिकाच्या कुटुंबाकडून', 'एका जुन्या युरोपीय संग्रहातून'. आमच्याकडे खातं उघडताना ओळख देणारा लागायचा, आणि ओळख देणाऱ्याला नाव, पत्ता, खातेक्रमांक आणि सही असायची. 'एक जुनं युरोपीय कुटुंब' ही ओळख मी सेव्हिंग खात्यालाही चालवली नसती. आणि क्यूच्या प्रकरणात तर ओळख देणारं खुद्द सरकारी अभिलेखागार होतं! कोणीतरी आत गेलं आणि कागद काढून आणण्याऐवजी ठेवून आलं. दोन लाख बुडाले तर साडूंचे बुडतात. फायलीत खोटा कागद शिरला तर पुढच्या पिढीच्या पुस्तकात एका माणसाचं मरण बदलतं. हौस म्हणून घेतलेल्या या सहीचे चटके असे दूरवर बसतात, आणि म्हणून मी हे चिडून लिहितो आहे.

सगळेच लुच्चे असतात असं मी म्हणत नाही. हिटलरच्या त्या वह्यांमधलं अक्षर खोटं आहे हे दाखवून देणाऱ्यांत अमेरिकेतला केनेथ रेंडेल होता, आणि तो स्वतः सह्यांचा व्यापारीच. फरक इतकाच, की त्याने खात्रीच्या नमुन्यांशी एकेक अक्षर ताडून बघितलं. कार्ड चोराकडून घेतलं नाही.

साडूंनी लिलावगृहाला पत्र लिहिलं. मी मसुदा करून दिला. बँकेचा मसुदा, एकही विशेषण नाही. उत्तर आलं दोन महिन्यांनी. वर्णन हे केवळ मत असतं, वस्तू जशी आहे तशी विकली जाते, परतीची मुदत टळून गेली आहे, आणि सोबत दिलेला अस्सलपणाचा दाखला आपण पाहिलाच असेल. दाखला मी पाहिला. सोनेरी वेलबुट्टी, लाल सील, आणि 'आयुष्यभराची हमी'. कोणाच्या आयुष्यभराची, ते लिहिलेलं नव्हतं. खाली तज्ज्ञाची झोकदार सही. मी भिंग लावलं. सही छापील होती. सही खरी असल्याच्या दाखल्यावर खरी सही करायलासुद्धा त्या गृहस्थाला सवड झाली नव्हती!

तरी साडू हटेनात. "टायपिस्टची चूक असेल," म्हणाले. "तारीख चुकू शकते." मी म्हटलं, ठीक आहे, आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडून नोटा तपासायचा जांभळा दिवा तासाभरासाठी मागून आणला. त्याचं तत्त्व सोपं आहे. हल्लीचा साधा पांढरा कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालतात, आणि तो या दिव्याखाली निळापांढरा पेटतो. नोटेचा कागद पेटत नाही. ती रसायनं कागदात आली युद्धानंतर. कुयाऊच्या वह्याही अशाच पकडल्या गेल्या. हॉलचे पडदे ओढले, दिवा लावला. रोमेल महाशय असे पेटले, की साडूंच्या नातवाने टाळ्या वाजवल्या.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग साडू उठून आत गेले. मला वाटलं, आता आपलं येणंजाणं संपलं. ते परत आले तेव्हा हातात बिस्किटांचा जुना डबा होता. त्यात वडिलांनी इटलीतल्या छावणीतून पाठवलेली तीन कार्डं. सेन्सॉरचे शिक्के मारलेली, पिवळी पडलेली, दोन-दोन ओळींची. सुखरूप आहे, काळजी नको, म्हशीचं काय झालं ते कळवणे. पहिल्या कार्डावर मजकूर दुसऱ्या कोणाच्या अक्षरात, आणि खाली अंगठा. दुसऱ्यावर अंगठा नाही, सही. छावणीत दुसऱ्या कैद्याने त्यांना सही शिकवली होती म्हणे. तिसऱ्यावर पुन्हा सही, पण नावातला एक काना गळलेला.

"हे बघता का जरा?" साडू म्हणाले. "आता दिवा आणलाच आहे तर."

मी दिवा धरला. कागद काळाच राहिला. घड्यांवर शाई फुटली नव्हती. दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या आणि सवयीने भिंगातून बघितलं. एकीला दुसरीचा पत्ता नव्हता. उंची वेगळी, वळण वेगळं, शिरोरेघ एकीत आहे, दुसरीत अर्ध्यातच संपलेली. बँकेत असतो तर मेमोवर खूण केली असती.

"काय?" साडूंनी विचारलं.

"पास," मी म्हटलं.

फ्रेम रिकामी करून त्यात तिन्ही कार्डं बसवायचं ठरलं. पण कार्डं लहान, फ्रेम मोठी, ती सरकायला लागली. पाठीला काहीतरी जाडसर लावणं भाग होतं. हिची बहीण पुठ्ठा शोधायला माळ्यावर चढत होती, तर साडू म्हणाले, "राहू दे. हा आहेच की," आणि सव्वादोन लाखांचा रोमेल पालथा करून त्यांनी कार्डांच्या मागे सारला.

मापात बसला.